वाढदिवसाचे पान

कोल्हापुरात वाढदिवस घरात येत नाही, तो चौकात येतो. दसरा चौकापासून मिरजकर तिकटीपर्यंत आणि बिंदू चौकापासून रंकाळ्याच्या काठापर्यंत वर्षातील कोणत्याही दिवशी फेरफटका मारावा, तर कोणा ना कोणा ‘भाऊं’चे, ‘दादां’चे किंवा ‘साहेबां’चे हसरे मुखमंडल, खाली शुभेच्छुकांच्या छायाचित्रांची दाटीवाटीची पंगत घेऊन, जाणाऱ्या-येणाऱ्यांकडे कृपादृष्टीने पाहत असलेले आढळते; आणि रात्री बाराच्या ठोक्याला मोटारीच्या टपावर मांडलेला केक, त्यावर चालविलेली व पुढे पुष्कळदा पोलिसांच्या मुद्देमालात जमा होणारी तलवार, फटाक्यांच्या माळा आणि शेवटी तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा बेत, हे सर्व यथासांग पार पडल्याखेरीज आयुष्याचे एक वर्ष सरले यावर आपल्या मंडळींचा विश्वास बसत नाही.

याच शहरातून रोज रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस मुंबईकडे निघते. मांडीवर क्ष-किरण तपासणीचे मोठे पाकीट आणि कागदांनी फुगलेली पिशवी घेऊन बसलेले, दादर येताच घाईने उतरून परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरणारे प्रवासी तिच्या डब्यांत असतात, आणि त्यांना ओळखण्यास वैद्यकाचे ज्ञान लागत नाही. रुग्णालयाने दिलेली तारीख त्यांना तोंडपाठ असते. तेथे किती दिवस राहावे लागेल, हे मात्र ठाऊक नसते. चौकातील झगमगाट आणि डब्यातील ही पिशवी यांचा काही संबंध जोडता येईल काय, असा प्रश्न ज्यांना पडला, त्यांनी वाढदिवसाचा खर्च आणि अहेर यांचे रूपांतर कर्करुग्णांच्या साहाय्यनिधीत करावे, अशी सूचना मांडली आहे. ही सूचना मला मनापासून मान्य आहे. परंतु अशा सूचना आपल्याकडे ज्या रीतीने अमलात येतात, ती रीत मान्य नाही. आणि या दोहोंतील अंतर स्पष्ट करावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आपल्या भाषेने या दिवसाला जे नाव दिले आहे, त्यातच या प्रश्नाचा बराचसा निवाडा होऊन गेला आहे. ‘वाढणे’ या क्रियापदाचे मराठीत दोन व्यवहार आहेत: एक स्वतः मोठे होण्याचा आणि दुसरा पंगतीत बसलेल्याच्या पानात अन्न घालण्याचा. पहिला व्याकरणदृष्ट्या अकर्मक, त्याला दुसऱ्या कोणाची गरज भासत नाही. दुसरा सकर्मक, समोर कोणी भुकेला असल्यावाचून तो घडतच नाही. वैद्यकाकडे वळावे, तर शेजारच्या पेशींची मर्यादा न मानता, शरीराच्या गरजेशी संबंध न ठेवता, केवळ आपल्यापुरती चाललेली जी पेशींची वाढ, तिलाच कर्करोग म्हणतात. वाढदिवसाने यांपैकी कोणत्या वाढीशी सोयरीक करावी, हे सांगण्यास निराळ्या पंडिताची आवश्यकता नसावी.

वाढदिवसाला दान करणे ही नवी टूम आहे, असे कोणी म्हणेल तर तेही खरे नव्हे. जुन्या घरांतील वर्धापनविधीत सप्त चिरंजीवांचे व मार्कंडेयाचे स्मरण करून तीळगूळ घातलेले दूध प्राशन करावयाचे आणि यथाशक्ती दान द्यावयाचे, असा क्रम होता. आयुष्य मागावयाचे आणि त्याच बैठकीला काही द्यावयाचे, ही देवघेव त्यात गृहीत होती. मोगल बादशहांनीही तुलादानाचा हिंदू प्रघात आपल्या दरबारात आणून वाढदिवसाला स्वतःची तुला करविली, आणि जहांगिराच्या तुलेचे वर्णन इंग्रजांचा वकील सर टॉमस रो याने लिहून ठेवले आहे. त्या तुलेत वैभवाचे प्रदर्शन नव्हते असे नाही, ते भरपूर होते; परंतु पारड्यातील द्रव्य गोरगरिबांकडे जावयाचे, एवढी मर्यादा बादशहालाही होती. आपल्या काळातील ग्रंथतुला, वहीतुला आणि रक्ततुला ही त्याच तराजूची नातवंडे होत.

महाराष्ट्राच्या स्मरणात राहावा असा एक वाढदिवस २३ जुलै १९१६ रोजी पुण्यात गायकवाडवाड्यात साजरा झाला. लोकमान्य टिळकांना त्या दिवशी साठ वर्षे पूर्ण झाली, आणि मंडालेच्या कारावासातून दोन वर्षांपूर्वीच परतलेल्या त्या पुरुषाला लोकांनी एक लाख रुपयांची थैली अर्पण केली. त्या काळचे लाख रुपये म्हणजे आजन्म निश्चिंती. परंतु ती रक्कम त्यांनी स्वतःची मानली नाही, राष्ट्रकार्याची मानली. सरकारनेही या प्रसंगी आपला अहेर पाठविलाच: वर्षभर चांगल्या वर्तणुकीची हमी म्हणून वीस हजारांचा जातमुचलका व प्रत्येकी दहा हजारांचे दोन जामीन का घेऊ नयेत, याची नोटीस त्याच सुमारास त्यांच्या हाती पडली, आणि पुढे नोव्हेंबरात हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला. पाच वर्षांनी, लोकमान्य हयात नसताना, त्यांच्या नावाच्या स्वराज्य फंडासाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ हे नाटक झाले, तेव्हा बालगंधर्वांच्या समोर उभा राहिलेला धैर्यधर आपल्या कोल्हापूरचा होता. केशवराव भोसल्यांच्या गाण्याची रसिकांनी चढ्या दराने तिकिटे घेतली. मैफल मैफलीसारखी झाली आणि निधी निधीसारखा जमला. आनंदाचा प्रसंग आणि लोककार्याची वर्गणी यांचे आपल्याकडे असे जुने सख्य आहे.

कर्करोगाच्या इतिहासातही एक वाढदिवस आहे, आणि भारत सरकारने तो पंचांगात कायम केला आहे. ७ नोव्हेंबर हा आपल्याकडे राष्ट्रीय कर्करोग जागृती दिन म्हणून पाळला जातो. १८६७ साली त्या तारखेला वॉर्सात मारी क्युरी जन्मली. जिने रेडियम शोधले, तिच्याच प्रयोगशाळेला पुरेसे रेडियम विकत घेणे परवडत नव्हते. तेव्हा १९२१ साली अमेरिकेतील स्त्रियांनी वर्गणी करून एक लाख डॉलर किमतीचे एक ग्रॅम रेडियम तिला भेट दिले. ते राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते स्वीकारण्याच्या आदल्या रात्री तिने दानपत्राचा मसुदा वाचला, आणि देणगी आपल्या नावे लिहिली आहे हे पाहताच वकिलाला बोलावून ती प्रयोगशाळेच्या नावे करून घेतली. आपण उद्या राहिलो नाही, तर हे रेडियम वारसांची खासगी मालमत्ता होईल, ही शंका तिला रात्रभर सोसवली नसती. वाढदिवसाच्या निमित्ताने निधी उभारू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग ध्यानात ठेवावा, कारण दानाचे निम्मे पावित्र्य दानपत्राच्या मसुद्यात असते.

वाढदिवसाच्या नाचातून एका रोगाचा पाडाव कसा झाला, याची कथा अमेरिकेतीलच आहे. फ्रँकलिन रूझवेल्ट यांना १९२१ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, पोलिओने गाठले. ते राष्ट्राध्यक्ष झाल्यावर ३० जानेवारी १९३४ रोजी, त्यांच्या वाढदिवशी, गावोगावी नृत्याचे जलसे भरविण्यात आले आणि एका रात्रीत दहा लाख डॉलरांहून अधिक रक्कम पोलिओग्रस्तांसाठी गोळा झाली. पुढील वर्षापासून जमा रकमेचा मोठा वाटा ज्या त्या गावच्या रुग्णांसाठी तेथेच ठेवून उरलेला संशोधनाकडे पाठविण्याचा शिरस्ता पडला. १९३८ साली या कामासाठी स्वतंत्र प्रतिष्ठान निघाले, आणि शाळकरी पोरांपासून सर्वांनी दहा-दहा सेंटांची नाणी थेट राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी टपालाने धाडली. त्याच पैशांच्या बळावर जोनास साल्क यांचे संशोधन चालले, आणि १२ एप्रिल १९५५ रोजी, रूझवेल्ट यांच्या मृत्यूला दहा वर्षे झाली त्या दिवशी, पोलिओची लस यशस्वी झाल्याचे जाहीर झाले. पहिल्या नाचापासून लशीपर्यंत एकवीस वर्षे लोटली. ज्याच्या नावे नाच झाले तो निघून गेला, पण वर्गणी थांबली नाही, हे या कथेचे मर्म आहे.

कोल्हापुरालाही या विद्येचा श्रीगणेशा करावयाचा नाही. आमदार सतेज पाटील यांच्या वाढदिवशी हारतुऱ्यांऐवजी वह्या स्वीकारून त्या विद्यार्थ्यांना वाटण्याचा पायंडा या जिल्ह्यात अनेक वर्षांपासून रूढ झाला आहे. राजकारणात कोणी कोणत्याही बाजूचा असो, पुष्पगुच्छ संध्याकाळी सुकतो आणि वही जूनमध्ये उपयोगी पडते, हे मान्य करण्यास त्याला अडचण पडू नये. वहीची गोष्ट मात्र सरळ आहे: मूल हसते, वही घेते आणि घरी जाते. कर्करुग्णाला काय द्यावे, हा प्रश्न तितका सोपा नाही, आणि येथेच आपल्या उत्साहाला थोडा लगाम घालून हिशेबाला बसले पाहिजे.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते आणि कर्करोगावरील अनेक उपचार तिच्यात येतात. रेल्वे कर्करुग्णाला उपचारासाठी जाता-येताना शयनयानात व तृतीय वातानुकूलित वर्गात तिकीट माफ करते, सोबत्याला ७५ टक्के सवलत देते. मग घर कशाने बसते? ते बिलाबाहेरच्या खर्चाने बसते. किरणोपचार म्हणजे आठवड्यातील पाच दिवस, बहुधा पाच ते सात आठवडे, रोज काही मिनिटे यंत्राखाली पडून राहणे. त्या काही मिनिटांसाठी आजऱ्याच्या किंवा गगनबावड्याच्या माणसाला शहरात दीड महिना खोली घ्यावी लागते. केमोथेरपीच्या फेऱ्या पुष्कळदा तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने महिनोन्महिने चालतात, आणि दर फेरीला सोबतचा माणूस आपला रोजगार बुडवतो. घरी म्हैस असते, तिची धार कोणी काढावयाची. उसाला पाळी असते, पाणी कोणी पाजावयाचे. मुलीची परीक्षा असते. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिने कित्येक वर्षे अशा कुटुंबांना आसरा दिला. पण धर्मशाळेच्या खोल्या मोजक्या आणि रोगी अमाप. या बुडालेल्या मजुरीला, खोलीभाड्याला आणि डब्याला कोणत्याही योजनेच्या तक्त्यात रकाना नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की, वाढदिवसाच्या निधीने मोठ्या शस्त्रक्रियेच्या बिलाशी झुंज घेण्याची हौस धरू नये. त्याने तो रिकामा रकाना भरावा. पन्नास हजारांचा फलकखर्च एका शस्त्रक्रियेच्या सागरात बिंदुवत ठरेल, परंतु तोच एखाद्या कुटुंबाचा दीड महिन्याचा मुक्काम निभावून नेईल. शिवाय वाढदिवसाचा एक गुण असा आहे की, तो दर वर्षी न चुकता येतो. आणि कर्करोगाचा उपचार संपला तरी तपासणीच्या तारखा पुढे वर्षानुवर्षे येतच राहतात. एकदाच थैली देऊन छायाचित्र काढून मोकळे होण्यापेक्षा, एका कुटुंबाच्या पाच वर्षांच्या तारखा आपल्या पाच वाढदिवसांना बांधून घेणे हे या दोन्ही कालचक्रांना अधिक शोभेल.

आता छायाचित्राविषयी. थोरल्या दवाखान्यात किंवा अन्य कोणत्या रुग्णालयात वाढदिवसाला फळे वाटण्याची आपल्याकडे प्रथा आहे; एक केळे देणारे अकरा हात आणि ते घेणारा, सलाइन लावलेला एक हात, असे ते दृश्य असते. केमोथेरपीने केस गेलेल्या स्त्रीला, तोंडाच्या शस्त्रक्रियेने चेहरा बदललेल्या पुरुषाला कॅमेऱ्यासमोर धरून उभे करणे, हे दानाच्या बदल्यात अब्रूची वसुली करणे होय. ज्याला आपण देतो त्याने आपल्याला धन्यवाद द्यावेत ही अपेक्षाही मी एकवेळ समजू शकतो. त्याने आपल्या फलकावर यावे ही अपेक्षा मात्र सावकारी आहे. रुग्णाचे नाव, गाव, चेहरा यांपैकी काहीही जाहीर होता कामा नये. जाहीर व्हावयाची एकच गोष्ट, ती म्हणजे हिशेब.

हिशेबाचा विषय निघाला की आपल्याकडे उत्सवी मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. तथापि, जाहीर वर्गणी गोळा करावयाची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० यातील कलम ४१-क अन्वये धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते, हे गणेशोत्सवामुळे तालमी-मंडळांना चांगले ठाऊक आहे. तोच नियम वाढदिवसालाही लावावा. उत्सवमूर्तीच्या खासगी खात्यात एक पैही जमा होऊ नये; रक्कम थेट नोंदणीकृत संस्थेच्या किंवा रुग्णालयाच्या खात्यात जावी, आणि प्रत्येकाला पावती मिळावी. २,००० रुपयांवर रोख दिलेल्या देणगीला प्राप्तिकरात वजावट मिळत नाही, ही तरतूद अनेकांना जाचक वाटते. मला ती उपकारक वाटते, कारण रोख रकमेला स्मरणशक्ती नसते. आणि ज्या चौकातून वर्गणी जमली त्याच चौकात महिन्याभराने जमाखर्चाचा कागद लागावा: जमा किती, खर्च किती, शिल्लक किती. ‘भाऊं’च्या चेहऱ्याइतक्याच आकाराचा तो असला, तर फलकाच्या धंद्याचेही नुकसान होणार नाही.

एक अडचणीची गोष्ट बोलल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. कर्करुग्णांसाठी निधी गोळा करणाऱ्या चौकात पानपट्टी असते, आणि त्या पानपट्टीवर मावा चोळला जात असतो. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. तो सीमेपलीकडून कसा येतो, हे कोल्हापूरकराला सांगण्याची गरज नाही. तंबाखूचे आगर असलेली निपाणी आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे, तेथील शेतकऱ्यांचे आणि विडी कामगार स्त्रियांचे पोट त्या पिकावर चालते, हेही मी विसरत नाही. त्यांना दोष देऊन हा प्रश्न सुटावयाचा नाही. परंतु तोंडात मावा धरून तोंडाच्या कर्करोगासाठी थैली अर्पण करणे, हा जो विनोद आपण करतो, तो निदान वाढदिवसापुरता थांबवावा. ज्या तरुणाच्या वाढदिवशी त्याच्या दहा मित्रांनी मावा सोडला, त्याने कर्करुग्णांच्या निधीत दिलेल्या देणगीला कोणत्याही पावतीची आवश्यकता नाही.

आणि रोग होण्यापूर्वीच्या पैशाला रोग झाल्यानंतरच्या पैशापेक्षा अधिक मोल असते, हे सिद्ध करून दाखविण्याचा मान आपल्याच मुलुखाला आहे. बार्शीसारख्या तालुक्याच्या गावी नर्गिस दत्त यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय उभे राहिले, आणि १९८७ पासून तेथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तेथील डॉक्टरांनी टाटा रुग्णालय व आंतरराष्ट्रीय संशोधकांसह तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यातील एक लाख तीस हजारांवर खेडवळ स्त्रियांची पाहणी केली. तिचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या विषाणूची केवळ एकदा तपासणी झालेल्या गटात, तशी तपासणी न झालेल्या गटाच्या मानाने, त्या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. ज्या बायकांनी आयुष्यात कधी स्वतःचा वाढदिवस साजरा केला नाही, त्यांच्या सहकार्याने साऱ्या जगाला हे ज्ञान मिळाले. आपल्या आईचा पन्नासावा वाढदिवस करू इच्छिणाऱ्या मुलाने केक जरूर आणावा. पण आईची, मावशीची, शेजारच्या काकूंची आणि धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईची तपासणी त्याच आठवड्यात करून आणावी, आणि त्यांतील ज्यांना परवडत नाही त्यांचा खर्च त्या दिवसाच्या निधीतून द्यावा.

यावर एक वजनदार आक्षेप असा येईल की, हे सारे सरकारचे कर्तव्य असून रुग्णाला वाढदिवसाच्या उष्ट्यावर अवलंबून ठेवणे ही शाहूंच्या कोल्हापुराची नामुष्की आहे. आक्षेप खरा आहे. राजर्षींनी १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या, त्या भूतदयेच्या भावनेने दिलेल्या देणगीने नव्हे, तर हुकुमाने आणि जाहीरनाम्याने. आणि म्हणूनच २६ जून हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्र सामाजिक न्याय दिन म्हणून पाळतो, दया दिन म्हणून नव्हे. परंतु हक्क कागदावर असणे आणि तो पदरात पडणे यांमध्ये एक लांबलचक रांग असते. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना विनामूल्य व १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीने द्याव्यात, असा कायदा आहे. पण उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, अर्ज, मंजुरी या वाटेने तेथवर पोहोचावयाचे बळ रोगाने खचलेल्या घरात उरत नाही. वाढदिवसाच्या निधीतून एक चांगला, अनुभवी, कागदपत्रांत मुरलेला कारकून रुग्णांच्या दिमतीला नेमून दिला, तर तो स्वतःच्या पगाराच्या कितीतरी पट रक्कम सरकारी तिजोरीतून हक्काने मिळवून देईल. लोकांच्या दानाने सरकारची जबाबदारी हलकी करू नये. तिची आठवण करून देणारा माणूस मात्र अवश्य पोसावा.

२२ सप्टेंबर ही तारीख जगभर कर्करुग्णांना गुलाब देण्याचा दिवस म्हणून पाळली जाते. त्याच तारखेला १८८७ साली आपल्या जिल्ह्यातील कुंभोज येथे कर्मवीर भाऊराव पाटील जन्मले, हा योग कोल्हापुराने वाया घालवू नये. बोर्डिंगातील पोरांच्या पानात अन्न पडावे म्हणून ज्यांच्या पत्नीने, लक्ष्मीबाईंनी, अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही दिले, त्या कर्मवीरांच्या जयंतीला गुलाबासोबत खोलीभाड्याची पावतीही देता येईल. आणि ज्यांचे वाढदिवस वर्षभर विखुरलेले आहेत, त्यांनी आपापल्या दिवसाची मूठ त्या एका दिवशी एकत्र टाकावी, म्हणजे मूठमूठ धान्याच्या जुन्या मुष्टिफंडाला नवे कोठार मिळेल.

आमच्या लहानपणी लग्नाच्या पंगतीत वाढपी असत. गावातीलच घरची माणसे, कंबरेला पंचा खोचून, हातात भाताचे ताट किंवा आमटीची बादली घेऊन रांगेतून फिरत. कोणाचे पान रिते आहे एवढेच ती पाहत आणि कोणाचे पान रिते आहे ते मोठ्याने ओरडून सांगत नसत. शेवटची पंगत उठल्यावर ती मागच्या दारी पान मांडून बसत. वाढदिवसाच्या दिवशी आपण उत्सवमूर्ती न होता असा वाढपी व्हावे, बादलीत काय आणि किती आहे याचा हिशेब आधी करून ठेवावा, आणि मग स्वतः मागच्या दारी बसून तांबड्या रश्श्याचा समाचार घ्यावा; तो त्या दिवशी अधिक रुचकर लागेल, असे मला वाटते.